मधल्या घरातली बाई

काका, तुमच्या शोकसभेला समोसे उरले. इथल्या मराठी मंडळाने लायब्ररीचा हॉल दोन तासांसाठी घेतला होता. लोक इतके आले की मागे उभं राहावं लागलं, पण खायला कुणी पुढे होईना. अध्यक्ष बोलले. गणपतीतल्या एकांकिकांचं शूटिंग तुम्ही दरवर्षी करायचात, कधी नाही म्हणाला नाहीत, असं त्यांनी सांगितलं, आणि ते खरंच होतं. मग टाय लावलेले एक गृहस्थ उठले आणि म्हणाले की श्रीकांतराव डॉक्युमेंटरीच्या क्षेत्रात होते, बहुतेक वैद्यकीय. तीन-चार माना हलल्या. मी मांडीवरच्या नॅपकिनच्या घड्या घालत बसले. नलूकाकू पहिल्या रांगेत होत्या आणि मला त्यांची फक्त पाठ दिसत होती.

मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. "काकांनी मला गोष्ट बघायला शिकवलं," एवढं म्हणाले आणि खाली बसले. लोकांना वाटलं मला भरून आलं. आलंही होतं, पण त्याहीपेक्षा पुढचं वाक्य काय बोलायचं हे सुचेना. कुठली गोष्ट, कुठल्या सिनेमातली, हे त्या हॉलमध्ये समोशांसमोर सांगायची माझी छाती झाली नाही. तुम्हाला जाऊन बावीस दिवस झाले. आता तुम्हालाच सांगते, कारण बाकी कुणाला सांगायचं झालं तर आधी अर्धा तास प्रस्तावना करावी लागेल.

आपली खरी ओळख मंडळात झालीच नव्हती. दोन हजार तीनमध्ये इथे अमेरिकेत माझं मास्टर्स संपलं तेव्हा कॉम्प्युटरवाल्यांना नोकऱ्या मिळत नव्हत्या. माझ्याबरोबरच्या दोघी नशिबाने बेलव्ह्यूला मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत लागल्या आणि फोनवर ऑफिसातल्या फुकट कोकची वर्णनं करायच्या. मला मिळाली ती इथे जवळच, वॅन नाइजमधली एक छोटी कंपनी. डीव्हीडी लावली की पडद्यावर जो मेन्यू येतो, प्रकरणं येतात, ती बनवायचं काम. कराटेचे धडे, लग्नं, चर्चमधली प्रवचनं, आणि निम्म्याहून जास्त प्रौढांचे चित्रपट. घरी मी सांगितलं, डेटाचं काम आहे. शेजारच्या गाळ्यात दाताचा दवाखाना होता आणि मधली भिंत अगदी कागदी, म्हणून आमच्याकडे स्पीकर लावायची बंदी होती. सिनेमात आवाज आहे की नाही हे आम्ही कानांनी ठरवतच नव्हतो. पडद्याच्या कडेला दोन हिरव्या पट्ट्या असत. त्या हलल्या की आवाज आहे.

तिथे एका मंगळवारी तुम्ही टेप घेऊन आलात. मी तुम्हाला गणपतीत कॅमेऱ्यामागे पाहिलं होतं, तुम्ही मला आरतीच्या रांगेत. माझ्या पडद्यावर त्या क्षणी काय चाललं होतं ते इथे लिहीत नाही. तुमची नजर त्यावर गेली. मग तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, परत लावलात आणि विचारलंत, "आई-बाबा बरे आहेत ना?" मी म्हटलं, हो, बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तुम्ही गुडघ्याची सविस्तर चौकशी केलीत, टेप टेबलावर ठेवलीत आणि गेलात. टेपवर एडिटर म्हणून कुणा स्टीव्हचं नाव होतं. तो स्टीव्ह म्हणजे तुम्ही, आमच्या मंडळाचे व्हिडिओवाले काका.

पुढच्या वेळी मी तुम्हाला पार्किंगपर्यंत सोडायला आले आणि मनात होतं ते विचारून टाकलं. या सिनेमांत गोष्ट असते कशाला? आणि असली तर एका वेळी चार-चार का असतात? तुम्हाला इतका आनंद झाला की तुम्ही गाडीच्या किल्ल्या टपावर ठेवून विसरलात. असं तुम्हाला आधी कुणी विचारलंच नसावं. मग तुम्ही समजावून दिलंत. प्रत्येक कलाकाराला एकाच दिवसासाठी बोलावतात. सोमवारची जोडी बुधवारच्या जोडीला आयुष्यात भेटलेली नसते. निर्मात्याला पाच दृश्यं हवीत, बाकी कशाशी त्याचं देणंघेणं नाही. तेव्हा पाच वेगवेगळ्या दिवशी आलेली ही माणसं एकाच गल्लीत राहतात असं वाटायला लावायचं, हे एडिटरच्या गळ्यात. कुणी सांगितलेलं नसतं. नाही केलं तरी चालतं. तुम्ही करायचात.

एकदा तुम्ही प्रत्येक घराच्या खिडकीबाहेर सामान हलवणारा तोच ट्रक उभा दाखवलात. पहिल्या गोष्टीत तो रिकामा, दुसरीत अर्धा भरलेला, चौथीत ड्रायव्हर पाठीमागची दारं लावतोय. शेवटी लक्षात येतं की चारही गोष्टी एकाच सकाळी घडतायत आणि त्यातलं एक घर कायमचं रिकामं होतंय. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खुर्चीतून उठून उभी राहिले. एवढी अक्कल तुम्ही खर्च करत होतात, आणि ती कुठे!

आणि तुमची ती उपासाची कॉपी. सिनेमा पुरा झाला की तुम्ही त्यातली सगळी तसली दृश्यं काढून एक वेगळी प्रत बनवायचात. दोन तासांची उरायची वीस-बावीस मिनिटं. नुसती गोष्ट. ती आपल्या पायावर उभी राहते का, हे बघण्यासाठी. धंद्याच्या दृष्टीने त्या प्रतीला कवडीचाही उपयोग नव्हता. रविवारी सकाळी काकू मराठी शाळेत मुलांना शिकवायला गेल्या की मी तुमच्या घरी यायचे, मागच्या खोलीत तुमच्या टेबलाशी बसायचे, आणि आपण ती बघायचो. काकू जाताना साबुदाण्याची खिचडी झाकून ठेवून जायच्या. उपासाच्या कॉपीला उपासाचंच खाणं, म्हणून तुम्ही दर वेळी तेवढंच हसायचात.

भांडण आपलं पहिल्या रविवारपासून होतं. मी म्हणायचे, काका, लोक रिमोटवरचं पुढचं बटण दाबतात. मीच ती बटणं बनवते, मला माहीत आहे. तुमची गोष्ट कुणी बघत नाही. तुम्ही म्हणायचात, "दाबू देत गं. पण एखाद्याचा रिमोट सोफ्यात हरवला तर?" त्या एका रिमोट हरवलेल्या माणसासाठी तुम्ही रात्रंदिवस राबायचात.

दुसरं भांडण जास्त गंभीर होतं आणि ते मिटलं नाही. पहिली गोष्ट अर्धी सोडून आपण दुसरीत जातो, तेव्हा पहिल्या गोष्टीतली माणसं काय करतात? मी म्हणायचे, थांबतात. डिस्क पॉज केल्यासारखी. आपण परत येतो तेव्हा तिथूनच पुढे. तुम्हाला हे अजिबात पटत नसे. तुमचं म्हणणं, आपली पाठ फिरली म्हणून ती थांबत नाहीत. त्यांचं चालूच असतं, फक्त आपण तिथे नसतो. तुमच्या एका सिनेमात एक मोटेलवाला होता. तो बायकोला फोन लावायचा आणि रिंग वाजली की ठेवून द्यायचा. सिनेमा दर थोड्या वेळाने त्याच्याकडे यायचा आणि त्याच्या हातात रिसीव्हर असायचा. मी म्हटलं, बघा, थांबलाय बिचारा. तुम्ही म्हणालात, "मधल्या काळात त्याने किती वेळा लावला असेल हे तुला काय माहीत?" मी हट्टी आणि तुम्ही नागपूरचे. खिचडी गार व्हायची.

काकूंना काय माहीत आहे, हे विचारायचं धाडस मी एकदाच केलं. तुम्ही खिडकीकडे बघत म्हणालात, "नलूला सगळं ठाऊक आहे की काहीच नाही, हे मला सव्वीस वर्षांत कळलेलं नाही." तुमच्या कानात सतत शिट्टी वाजायची, म्हणून डॉक्टरांनी हेडफोन बंद केले होते. छोट्या स्पीकरवर काम चालायचं. तसली दृश्यं आली की तुम्ही आवाज अगदी बारीक करायचात. भिंतीपलीकडे स्वयंपाकघर. "ती काही म्हणत नाही," तुम्ही म्हणालात. मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "चटणी मात्र फार वाटते. इतकी चटणी आमच्या घरी खातं कोण?" मी हसले. मला ते काकूंच्या स्वयंपाकाचं कौतुक वाटलं.

आता मागच्या जानेवारीबद्दल. इथे माझी लेखणी अडखळते आहे, पण हे लिहिण्यासाठीच तर बसले.

तुम्ही शेवटचा तो सिनेमा केलात, एका इमारतीतल्या तीन घरांचा. एकात घटस्फोट घ्यायला निघालेलं जोडपं, दुसऱ्यात नुकतेच एकत्र राहायला आलेले दोघं. या दोन गोष्टी तुम्ही मला आधीच तोंडी सांगितल्या होत्या, अगदी संवादांसकट. तिसरी सांगायला तयार नव्हतात. शाळेला सुट्टी होती, काकू घरी होत्या, म्हणून तुम्ही डिस्क माझ्या हातात दिलीत. "तुझ्याकडेच बघ. पण पूर्ण बघ."

मी ती ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत बघितली. मधल्या घरात एक पन्नाशीची बाई. तुमच्या नेहमीच्या टीममध्ये मेकअप करायची ना, डोरीन, तिलाच तुम्ही उभं केलं होतं. ती कपड्यांना इस्त्री करते. रेडिओचं बटण फिरवते. टेबल पुसते, मध्येच हात थांबवते, पुन्हा पुसते. एकदा उठून रिकामा मिक्सर लावते, बंद करते. एक शब्द बोलत नाही. कुणी तिच्याकडे येत नाही, ती कुणाकडे जात नाही. आणि प्रौढांच्या सिनेमात असून तिच्या वाट्याला एकही तसलं दृश्य नाही. मला वाटलं, काकांचं या वेळी कुठेतरी गंडलंय.

निर्माता रिक याला तर रागच आला होता. त्याने फोनवर आमच्या मॅनेजरला सांगितलं, ती म्हातारी काढून टाका. एडिटरला विचारायचं का, असं मॅनेजरने मला विचारलं. मी म्हणू शकले असते, विचारू या. मी म्हटलं, गरज नाही, ती गोष्ट कशाला जोडलेलीच नाही. आणि मी स्वतःच्या हाताने ती मधली बाई तिन्ही ठिकाणांहून उचलली आणि मेन्यूत अगदी तळाशी, जादा दृश्यं म्हणून टाकून दिली. जिथे पोस्टर आणि जाहिराती असतात तिथे.

तुम्ही नमुना प्रत बघायला आलात. रिमोट घेतलात, बटणं दाबत तळाशी गेलात आणि तिथे ती तुम्हाला सापडली. मी बोलायला सुरुवात केली, की काका, ती बाई रिकामा मिक्सर फिरवते, कोण बघणार हे. तुम्ही मला पुरं बोलू दिलंत. मग फक्त विचारलंत, "पूर्ण बघितली होतीस ना?"

मी म्हटलं, हो.

"बरं," म्हणालात.

त्यानंतर आठ महिने एकही उपासाची कॉपी आली नाही. मंडळात भेटलो की तुम्ही तसेच प्रेमाने बोलायचात, गुडघ्याची चौकशी करायचात. मी विचारलं तर म्हणायचात, हल्ली नुसतं कापून देतो गं. मी दर वेळी ठरवायचे की पुढच्या खेपेला माफी मागायची. मग सप्टेंबरात गणपती आले, तुम्ही एकांकिकेचं शूटिंग केलंत, ट्रायपॉड गाडीत ठेवलात, आणि चौथ्या दिवशी सकाळी तुमच्या लेकीचा, केतकीचा फोन आला, तुम्ही गेल्याचा.

तुमची केतकी नेपरव्हिलहून आली ती दोन आठवडे राहिली. तिने मला बाजूला घेतलं. "अनघाताई, कॅन यू प्लीज हँडल द बॅकरूम? आय डोन्ट वॉन्ट आई टू सी एनी ऑफ इट." म्हणजे तिला माहीत होतं, काका. कॉलेजात असल्यापासून, असं म्हणाली. मी खोके घेऊन मागच्या खोलीत गेले. केतकी विमानतळावर निघून गेल्यावर काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी खोक्यांतल्या डिस्कच्या थप्प्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"त्याचं काम मला दाखव," म्हणाल्या.

मी काहीतरी पुटपुटले, की काकू, यातलं सगळंच काही बघण्यासारखं नाही. त्या तुमच्या खुर्चीत बसल्या. "उपासाची लाव. मला ठाऊक आहे. उपासाची तयार आहे, असं फोनवर तुला सांगायचा ना तो."

मी तीन घरांची डिस्क काढली. का तीच, विचाराल तर शिक्षा म्हणून, माझी मलाच. काकूंनी आवाज मोठा करायला सांगितला, आणि तुमचे दोन छोटे स्पीकर मी आयुष्यात पहिल्यांदा त्या सिनेमासाठी लावले.

जोडपं भांडतं. भांडण ऐन रंगात आलेलं असताना तुम्ही तिथून उठता आणि मधल्या घरात येता. बाई इस्त्री करते आहे. आणि काका, डाव्या स्पीकरमधून ते भांडण चालूच होतं. भिंतीपलीकडून यावं तसं, दबून, शब्द अर्धे. बाईची इस्त्री एका वाक्यावर थांबते. मग उजव्या स्पीकरमधून हसू येतं, दुसऱ्या घरातलं. ती रेडिओचं बटण फिरवते ते त्यासाठी. तिच्या घरात काहीच घडत नाही, कारण सगळं दोन्ही बाजूंना घडतंय आणि ती ते ऐकते आहे. आपण उठून आलो तरी कुणी थांबलेलं नाही. आपलं भांडण तुम्ही मिटवलं होतं. माझ्यासाठी, मला कळेल अशा भाषेत. आणि मी ते दाताच्या दवाखान्याच्या भिंतीशेजारी बसून, दोन हिरव्या पट्ट्या हलताना बघून, बघितलं असं म्हटलं होतं.

मी पूर्ण बघितली होती, काका. ऐकली नव्हती. त्या दिवशी तुम्हाला एवढं सांगितलं असतं तर तुम्ही मला स्पीकरशी बसवलं असतंत आणि काकूंनी खिचडी केली असती. माझ्या लक्षातच आलं नाही की सांगण्यासारखं काही आहे.

मी रडत होते, काकूंचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. त्या पुढे वाकून बघत होत्या. उजवीकडचं हसू बदलत गेलं, आणि पडद्यावरची बाई उठली, तिने मिक्सर लावला.

"रिकामाच आहे ना तो?" काकूंनी विचारलं.

मी म्हटलं, हो.

"मी पण रिकामाच लावायचे," त्या म्हणाल्या. "रोज चटणी कोण खाणार?"

पडद्यावर मिक्सर फिरत राहिला. काकूंनी पदराने चष्मा पुसला, अगदी तुम्ही पुसायचात तसा वेळ लावून. "कळत होतं म्हणजे त्याला," म्हणाल्या. मला नाही, पडद्याकडे बघून. आणि मग त्यांना हसू फुटलं. सव्वीस वर्षं दोन माणसं एका भिंतीच्या दोन बाजूंना एकमेकांची लाज राखत बसली होती, एकाने आवाज बारीक करून आणि दुसरीने मिक्सर लावून. तुम्हाला पडलेल्या कोड्याचं उत्तर तुम्हाला ठाऊक होतं. विचारता येत नव्हतं म्हणून सिनेमा काढलात. तोही मी तळाशी टाकला.

मग काकू बोलायला लागल्या, आणि काका, तुम्ही इथे असायला हवे होतात. गोष्ट चालू असली की तुम्ही आवाज मोठा ठेवायचात, दृश्य आलं की बारीक. म्हणजे इतकी वर्षं भिंतीपलीकडे काकूंना जे नीट ऐकू येत होतं ते नुसत्या गोष्टीच होत्या. तुम्ही एक-एक वाक्य पन्नास वेळा मागेपुढे करायचात, त्यांना संवाद पाठ झालेत. एकीकडे भाजी चिरत त्यांनी तुमचं सगळं काम ऐकलंय. ट्रकच्या ड्रायव्हरचा आवाज त्यांना आवडायचा. तो दिसायला कसा आहे म्हणून मी डिस्क लावून दाखवला, तर नाराज झाल्या. त्यांच्या डोक्यात तो बराच उंच होता. मी तुमची एकटीच प्रेक्षक आहे अशी माझी केवढी ऐट होती!

जादा दृश्यांतली ती बाई मी काल घरच्या कॉम्प्युटरवर परत तिच्या जागी, दोन घरांच्या मधे, नेऊन बसवली. रिकच्या हजारो प्रतींत ती तळाशीच राहील, त्याला माझा इलाज नाही. पण एक प्रत बरोबर आहे आणि ती तुमच्या घरी आहे.

आज ती द्यायला गेले होते, निघताना काकू दारापर्यंत आल्या. "अनघा, एक विचारायचं राहिलं. तो मोटेलवाला होता बघ, सारखा फोन लावून ठेवणारा. तो शेवटी बायकोशी बोलतो का गं? मला तेवढंच कळलं नाही. नेमका तेव्हा मिक्सर चालू होता."

मला उत्तर माहीत आहे, काका, तुम्हालाही. मी सांगितलं नाही. रविवारी येते, म्हटलं. आवाज मोठा ठेवू.